उघाडी : कुलाब्याच्या एका यादीचे रसग्रहण

चिंतामणराव देशमुख. राजाराम बाळकृष्ण राऊत. भास्कर नारायण दिघे. दत्तात्रेय काशिनाथ कुंटे. शंकरराव सावंत. दि. बा. पाटील. अंबाजी तुकाराम पाटील. पुन्हा दि. बा. पाटील. बॅरिस्टर अंतुले, सलग तीनदा. रामशेठ ठाकूर, दोनदा. पुन्हा अंतुले.

कुलाबा लोकसभा मतदारसंघातून १९५२ ते २००४ या काळात निवडून गेलेल्यांची ही यादी. निवडणुका चौदा, माणसे नऊ. निवडणूक आयोगाच्या कागदांत ती साल, नाव आणि पक्ष अशा तीन रकान्यांत बसते. तिथे विशेषण नाही की क्रियापद नाही. तरीही मी ती पुन्हा पुन्हा वाचतो, आणि मोठ्याने वाचतो. एखादी कविता आपण ज्या गावात वाचतो त्या गावाचा आवाज तिच्यात मिसळतो. ही यादी मी धरमतरच्या खाडीकाठी वाचतो, म्हणून तिच्यात मला पाण्याचा आवाज येतो.

यादीच्या आधी थोडे या पाण्याविषयी. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, सुधागडच्या पालीजवळून वाहत नागोठण्याला येते आणि पुढे रुंदावत धरमतरची खाडी होते. पेण आणि अलिबाग हे दोन तालुके या खाडीने वेगळे केले, आणि दोघांनाही मुंबई जोडून दिली. घाटरस्ते आणि मोठे पूल झाले नव्हते तेव्हा मुंबईहून आगबोट धरमतरला लागायची आणि तिथून पुढे पेण, नागोठणे, महाडकडे मोटारी सुटायच्या. तांदूळ, मीठ, भाजी, गिरणीत कामाला निघालेला तरुण, कोर्टाची तारीख असलेले कूळ, सगळे या धक्क्यावरून गेले. गावाच्या नावातच ‘तर’ आहे. तर म्हणजे नावेने पैलतीरी जाण्याची सोय.

काठावरची जमीन मात्र पाण्याशी भांडून मिळवलेली. खारेपाट म्हणतात तिला. खाडीला बांध घालून आतली जमीन गोडी करायची आणि तिच्यात भात लावायचा. उधाणाच्या भरतीला बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की खारे पाणी शिवारात शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकती व्हायला काही पावसाळे जावे लागतात. या बांधात जागोजाग उघाडी असते. उघाडी म्हणजे झडपेचे दार. ओहोटीला ते आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूला उघडते आणि शेतात तुंबलेले पाणी खाडीत जाते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तेच दार आपोआप मिटते. आतले बाहेर जाऊ द्यायचे, बाहेरचे खारे आत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. उघाडी कुजली की बांध कितीही भक्कम असला तरी शिवार जाते. यादी वाचताना हे दार ध्यानात असू द्यावे, कारण माझे सगळे वाचन त्याच्याशीच येऊन थांबते.

आता लय. यादीतले पक्ष क्रमाने वाचा. १९५२ ला काँग्रेस. १९५७ ला शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. १९६२ ला काँग्रेस. १९६७ ला कुंटे, काँग्रेसच्या विरोधातून. १९७१ ला काँग्रेस. १९७७ ला शेकाप. १९८० ला इंदिरा काँग्रेस. १९८४ ला शेकाप. १९८९ ला काँग्रेस. पहिल्या नऊ निवडणुकांत एकदाही कुणाला लागोपाठ दोनदा बसू दिले नाही, ना माणसाला, ना पक्षाला. सदतीस वर्षे भरती आणि ओहोटी, भरती आणि ओहोटी. हे कुणी ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. दर वेळची कारणे वेगळी होती, देशातले वारे वेगळे होते. पण कवितेतही लय अशीच नकळत उमटते, आणि एकदा कानात बसली की नाकारता येत नाही. खाडीकाठच्या माणसाला दिवसातून दोनदा पाणी चढताना आणि उतरताना दिसते. चढलेले पाणी आपले नाही, ते उतरणार आहे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. खुर्चीकडेही तो त्याच नजरेने पाहत आला असावा, असे या नऊ ओळी मला सांगतात.

या लयीत पहिली ओळ सर्वांत उंच चढते. चिंतामणराव देशमुख १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले आणि त्यांचे घर रोह्याचे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा मुलगा पुढे आय. सी. एस. झाला, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि १९५० पासून देशाचा अर्थमंत्री. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याने त्यांना लोकसभेत पाठवले. एवढा मोठा अधिकारी मतदारसंघाकडे कधी वळून पाहील का, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. उत्तर १९५६ मध्ये आले. जानेवारीत मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय पंतप्रधानांनी जाहीर केला. मुंबईत लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून त्याची कारणे सांगितली. हा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता झाला, आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, या दोन गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या.

या निवेदनाचे सौंदर्य त्याच्या संयमात आहे. आयुष्यभर ताळेबंद पाहिलेला माणूस आपल्याच सरकारपुढे हिशोब मांडतो तसे ते मांडले गेले. त्यात सभेचा आवेश नाही. कार्यपद्धतीचा एक मुद्दा, न्यायाचा एक मुद्दा, आणि मग खुर्ची सोडणे. धरमतरहून सुटणारी प्रत्येक आगबोट मुंबईला लागत होती. ती मुंबई परकी होणार म्हटल्यावर कुलाब्याच्या मनात काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. शिवारात तुंबलेले ते पाणी दिल्लीत बाहेर पडले ते त्यांच्याच प्रतिनिधीच्या तोंडून. मला आणखी एक गोष्ट इथे अर्थपूर्ण वाटते. चिंतामणरावांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले होते. दूर असलेल्याचा निरोप वाटेतल्या सगळ्या मोहक मुक्कामांवरून पुढे नेणाऱ्या दूताचे ते काव्य. ज्याने हे काव्य ओळीओळीने आपल्या भाषेत आणले, त्याला दूताचे काम काय असते ते पक्के ठाऊक होते. अलकेला पोचून मेघाने तिथेच रमायचे नसते, निरोप सांगायचा असतो.

पहिल्या ओळीतला राजीनामा दुसऱ्या ओळीचा अर्थ उजळतो. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कुलाब्याने शेकापचे राजाराम राऊत निवडले. वरवर पाहता ही पहिल्या ओळीवरची फुली आहे, कारण काँग्रेस गेली आणि विरोधक आला. पण नीट वाचले तर दुसरी ओळ पहिलीचेच वाक्य पूर्ण करते. मंत्र्याने जे पद सोडून सांगितले, तेच मतदाराने मत देऊन सांगितले. दोन पक्षांच्या दोन नावांत एकच निरोप. १ मे १९६० ला तो पोचला.

शेकापच्या ओळी समजून घ्यायच्या तर यादीच्याही मागे, या पक्षाच्या इथल्या मुळांकडे जावे लागते. खाडीच्या अलिबाग बाजूच्या खारेपाटात चरी नावाचे गाव आहे. तिथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. बांध आपण घालायचा, खांड आपण भरायची, पीक आपण काढायचे, आणि खळ्यावरून धान्य मात्र खोताच्या घरी जायचे, हे थांबवण्यासाठी आसपासच्या पंचवीसेक गावांनी हाताने नांगर खाली ठेवला. संप सहा वर्षे चालला. शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे स्वतःच्या चुलीविरुद्ध संप करायचा. लोकांनी जंगलातली लाकडे विकली, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर उचलला नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. १९३९ च्या कूळ कायद्याने संरक्षित कूळ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात आणला.

त्या काळी मताचा अधिकार मूठभरांना होता. ज्यांना तो नव्हता त्यांनी उपाशी राहून आपला प्रश्न सभागृहात पोचवला. म्हणून मी यादी वाचताना १९५२ च्या वर एक ओळ मनाने लिहितो : चरी, सहा वर्षे. १९५७, १९७७, १९८४, १९९८ आणि १९९९ या पाच ओळींत शेकाप येतो तेव्हा त्याखाली ही न लिहिलेली ओळ वाजत असते. गाण्यात तंबोरा वाजतो तशी.

त्यातली १९८४ ची ओळ सावकाश वाचण्यासारखी आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या त्या निवडणुकीत सहानुभूतीची अशी लाट होती की महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत एक कुलाबा होता. इथे दि. बा. पाटील निवडून आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जासईच्या परिसरात गोळीबार झाला होता आणि पाच जण हुतात्मे झाले होते. त्या लढ्याचे नेतृत्व दिबांकडे होते. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे त्या रक्तातून आले. देशभर पाणी एका दिशेने चढत असताना उघाडीचे दार मिटते कसे, हे पाहायचे असेल तर ही ओळ पाहावी. बाहेरचा रेटा जितका मोठा, तितके दार घट्ट.

मग लय बदलते. १९८९, १९९१, १९९६ : बॅ. अ. र. अंतुले. म्हसळ्याजवळच्या आंबेतचा हा माणूस त्याआधी राज्याचा मुख्यमंत्री होऊन गेला होता, आणि त्यांच्याच काळात, १ जानेवारी १९८१ पासून, कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. यादीतली गंमत अशी की जिल्हा रायगड झाल्यावरही लोकसभा मतदारसंघ आणखी पाव शतक कुलाबाच राहिला. अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नाव निवडणुकीच्या कागदावर तग धरून होते. एकाच मातीला दोन नावांनी हाक मारली जात होती, जिल्ह्याला डोंगरावरच्या राजधानीच्या नावाने आणि मताला समुद्रातल्या दुर्गाच्या नावाने. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघही रायगड झाला. पनवेल, उरण आणि कर्जत मावळात गेले, रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर इकडे आले. दिबांची जासई आणि चरी आता एकाच यादीत मत देत नाहीत. मधल्या कोऱ्या जागेत कवितेची यती असते तशी ही यती आहे. इथे थांबल्याशिवाय पुढची ओळ वाचू नये.

पुढच्या ओळींत दोनच नावे आहेत. २००९ आणि २०१४ ला अनंत गीते, २०१९ आणि २०२४ ला सुनील तटकरे. २०१४ चा निकाल २,११० मतांचा. तटकऱ्यांच्याच नावाचा एक अपक्ष उमेदवार त्या वेळी रिंगणात होता आणि त्याला या अंतराच्या कितीतरी पट मते पडली. यादीत नाव हाच एकमेव शब्द असतो, तर त्या शब्दाचे वजन किती, हे यावरून कळावे. एका नावाची दोन माणसे झाली की अर्थच फिरतो.

आता यादी लहान करू. खाडीच्या पूर्वेचा पेण विधानसभा मतदारसंघ घ्या. पेण तालुका, सुधागड तालुका आणि रोहे तालुक्यातला नागोठण्याचा भाग मिळून तो होतो. नकाशावर या तीन तुकड्यांवरून बोट फिरवले की लक्षात येते, हे बोट अंबेच्या काठाने चालले आहे. पाली, नागोठणे, मग पेणचा खारेपाट आणि धरमतर. रेषा आखणाऱ्यांनी लोकसंख्या मोजली, पण बनला तो एका नदीचा मतदारसंघ. रोह्याच्या वाट्याला मात्र उलटे आले. चिंतामणरावांचा हा तालुका आज पेण, अलिबाग आणि श्रीवर्धन अशा तीन मतदारसंघांत विभागला आहे. एकाच तालुक्यातले तीन शेजारी विधानसभेत तीन वेगळ्या माणसांकडे पाहतात.

पेणच्या यादीत मोहन पाटील हे नाव अनेक वेळा येते, शेकापचे. २००४ ला काँग्रेसचे रविशेठ पाटील. २००९ आणि २०१४ ला मोहनरावांचे चिरंजीव धैर्यशील पाटील, शेकापचेच. २०१९ आणि २०२४ ला पुन्हा रविशेठ, आता भाजपचे. धैर्यशील पाटीलही २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये राज्यसभेवर निवडले गेले. पाटील, पाटील, पाटील. अनुप्रास कानाला बरा लागतो, पण रसिकाने अनुप्रासाच्या पलीकडे ऐकायचे असते. दोन काठांसारखी समोरासमोर उभी असलेली दोन घराणी आज एकाच काठावर आली आहेत. त्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, शेकापचे जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले. नारायण नागूंच्या घरातली तिसरी पिढी सभागृहाबाहेर आली. चरीपासून वाजत असलेला तंबोरा इथे थांबला की फक्त सूर खाली गेला, हे पुढच्या ओळी सांगतील. मला त्याची हुरहूर आहे, आणि ती लपवावी असे वाटत नाही.

कवितेत जे म्हटले नाही तेही वाचावे लागते. कुलाबा-रायगडच्या लोकसभा यादीत आजपर्यंत एकाही स्त्रीचे नाव नाही. भातलावणीला चिखलात वाकलेल्या रांगेत बहुतेक बायकाच असतात, आणि यादीच्या रांगेत एकही नाही. दुसरे मौन धरमतरच्या धक्क्याचे आहे. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरी १९२७ मध्ये तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या डिसेंबरात बाबासाहेब आणि सहकारी महाडला जायला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले तेव्हा त्यांनी जवळचे धरमतर सोडून लांबचे दासगाव गाठले. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर धरमतरहून महाड गाठणे अशक्य, दासगावहून पाच मैल चालत तरी जाता येईल, असा तो विचार होता. सभागृहात ठराव झाला होता, पण आमच्या धक्क्यावर उतरण्याचा भरवसा त्यांना नव्हता. प्रतिनिधीचा शब्द आणि गावाचा धक्का यांत केवढे पाणी असू शकते, हे मला या न झालेल्या उतरण्यातून कळते. ही ओळ मी लाजेने वाचतो, आणि ती गाळून यादी वाचत नाही.

तिसरी न लिहिलेली ओळ अभिमानाची आहे. २१ सप्टेंबर २००८. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली जमीन मागितली जात होती. शेतकरी संघटित झाले, एन. डी. पाटलांसारखा म्हातारा लढवय्या त्यांच्याबरोबर चालला, आणि पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत चाचणी घ्यावी लागली. त्या दिवशी मतपत्रिकेवर कुणा उमेदवाराचे नाव नव्हते. तुझी जमीन द्यायची की नाही, एवढेच विचारले होते. ज्या खारेपाटाने १९३३ ला मत नसताना नांगर ठेवून उत्तर दिले, त्याने पंचाहत्तर वर्षांनी मत देऊन उत्तर दिले. तो प्रकल्प तिथे उभा राहिला नाही. कुणालाच निवडून न देणारे हे मतदान मला या सगळ्या यादीतले सर्वांत स्वच्छ मतदान वाटते, कारण त्यात निरोप आणि निरोप्या एकच होते.

एवढे वाचून झाल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिली. या वेळी नावे ऐकू आली नाहीत, दार उघडल्या-मिटल्याचा आवाज ऐकू आला. आतले पाणी कुणी बाहेर नेले? १९५६ ला चिंतामणरावांनी नेले. बाहेरचे खारे कुणी अडवले? कधी १९८४ सारखे निवडून दिलेल्याने, कधी स्वतः शेतकऱ्याने. जिथे दोन्ही झाले नाही त्या ओळी मी नुसत्या उच्चारून पुढे जातो, त्या स्मरणात राहत नाहीत. किती वेळा निवडून आला, हे यादीवरून मोजता येते. त्याचे दार कोणत्या बाजूला उघडत होते, हा रकाना ज्याचा त्याने भरायचा.

आमच्याकडे पावसाळ्याआधी बांधावर जाऊन उघाड्या पाहायची रीत आहे. दार हाताने हलवून बघतात. झडप आत वळते का बाहेर, फळी कुजली आहे का, मधे दगड अडकला आहे का, ते पाहतात. त्या तपासणीत दाराविषयी राग नसतो, आणि भक्तीही नसते. शिवार आपले आहे, एवढीच जाणीव असते. या यादीची पुढची ओळ लिहायची वेळ येईल तेव्हा मतदान केंद्रात जाताना मला त्याच हाताने दार हलवून बघायचे आहे.